लाकडावर नॅनो कोटिंग "उगवतात" म्हणे, आमच्या दाराला काही उपयोग होईल का?

पडवीतला_माणूस:

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा विचित्र आहे पण इथे सुतारांपासून शास्त्रज्ञांपर्यंत सगळे असतात म्हणून विचारतोय.

आमचं गावचं घर रत्नागिरी जिल्ह्यात. पुढचं दार सागवानी, आजोबांच्या वेळचं, आणि तोंड पश्चिमेला. म्हणजे पावसाळ्यात झड थेट दारावर आणि पाऊस संपला की मे महिन्यापर्यंत दुपारचं सगळं ऊन पण त्याच दारावर. पूर्वी पडवीला नारळाची झापं बांधायचे, आता ती विणणारं गावात कोणी राहिलं नाही. दर दोनतीन वर्षांनी पॉलिश करून घेतो, गेल्या वेळी पीयू (पॉलियुरेथेन) मारून घेतलं, पहिल्या वर्षी दार एकदम चकचकीत, बघणारे विचारायचे कुठून करून घेतलं, आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर खालच्या फळ्यांवर पापुद्रे सुटायला लागले आणि पापुद्रा काढला की खालचं लाकूड राखाडी, कुठे कुठे काळं. पॉलिशवाला म्हणतो माझं मटेरियल एक नंबर होतं, तुमच्या लाकडात ओल आहे. दुसऱ्याला दाखवलं तर तो म्हणतो आधीच्याने सँडपेपर नीट मारला नाही. कोणाचं ऐकायचं?

आता मुद्द्यावर येतो. भाची कोल्हापूरला एमएस्सी करतेय, केमिस्ट्रीत, तिला प्रोजेक्टला विषय हवाय. ती म्हणाली मामा, झिंक ऑक्साइडचा थर लाकडावर ब्रशने मारायचा नाही, लाकूड द्रावणात ठेवायचं आणि त्याच्यावर नॅनो आकाराचे स्फटिक वाढू द्यायचे, ते ऊन अडवतात आणि वर पाणीही थांबत नाही. मला आधी वाटलं माझी फिरकी घेतेय, पण तिने इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे फोटो दाखवले, खरंच लाकडाच्या रेषांवर बारीक काड्यांचं रान उभं होतं.

तर हे प्रकरण खरं किती, माझ्या दाराला होण्यासारखं आहे का, आणि दुकानात "नॅनो टेक्नॉलॉजी" लिहिलेल्या ज्या बाटल्या मिळतात त्या म्हणजे हेच का? भाचीला प्रोजेक्टला हा विषय झेपेल का तेही सांगा. एका दगडात दोन पक्षी मारायचा विचार आहे.


निळी_जास्वंद:

दादा, लाकडाचे पृष्ठभाग हाच माझा कामाचा विषय आहे (सध्या जर्मनीत) त्यामुळे थोडं लांब लिहिणार, चालवून घ्या.

आधी तुमच्या पापुद्र्यांचं बघू, कारण तुमचे दोन्ही पॉलिशवाले अर्धंच बोलतायत. लाकडात सेल्युलोज असतं आणि त्याला धरून ठेवणारं लिग्निन असतं. उन्हातले अतिनील किरण लाकूड जितके शोषतं त्यातले ८० ते ९५ टक्के एकटं लिग्निन शोषतं, आणि शोषून तुटतं. पारदर्शक पॉलिशमधून ऊन आरपार जातं, पॉलिशला फारसं काही होत नाही आणि पॉलिशच्या खालचं लिग्निन मात्र सडत राहतं, मग पॉलिशने धरलेला लाकडाचा तो वरचा पापुद्राच सैल होतो. सुटलेल्या पापुद्र्याची मागची बाजू भिंगातून बघा, तिला लाकडाचे तंतू चिकटलेले दिसतील. म्हणजे पॉलिश सुटलेलं नाहीये, लाकूड सुटलंय. एकदा फट पडली की पाऊस आत, तुटलेलं लिग्निन धुऊन जातं आणि नुसते सेल्युलोजचे राखाडी तंतू उरतात. काळे डाग बहुतेक बुरशीचे, ऑरिओबॅसिडियम नावाची एक बुरशी याच तुटलेल्या लिग्निनवर मजेत जगते.

म्हणून संशोधकांच्या डोक्यात आलं की ऊन अडवणारी वस्तू पॉलिशमध्ये मिसळण्यापेक्षा थेट लाकडाच्या अंगावरच बसवली तर? झिंक ऑक्साइड साधारण ३७० नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश शोषतं आणि त्याच्या वरचा जाऊ देतं, म्हणून ते यूव्ही (अतिनील) अडवतं तरी डोळ्याला फारसं दिसत नाही. सनस्क्रीनमध्ये तेच असतं.

आता वाढवतात कसं. दोन टप्पे असतात. पहिल्यात बी पेरायचं. झिंक ॲसिटेट मिथेनॉल किंवा इथेनॉलमध्ये विरघळवून त्यात अल्कली घातली की झिंक ऑक्साइडचे अगदी बारीक, काही नॅनोमीटरचे कण तयार होतात. लाकूड त्यात बुडवून काढायचं, वाळवायचं, असं दोनचार वेळा. दुसऱ्या टप्प्यात पाण्यात झिंक नायट्रेट आणि हेक्झामीन, दोन्ही रेणूंच्या हिशोबाने सम प्रमाणात, साधारण २५ मिलिमोलर, म्हणजे लिटरला ७.४ ग्रॅम झिंक नायट्रेट हेक्झाहायड्रेट आणि ३.५ ग्रॅम हेक्झामीन. हे ९० अंशाच्या आसपास काही तास ठेवायचं. गरम पाण्यात हेक्झामीन हळूहळू फुटतं, अमोनिया आणि फॉर्माल्डिहाइड सुटतं, अमोनियामुळे द्रावण हळूहळू अल्कली होत जातं आणि झिंक ऑक्साइड बाहेर पडायला लागतं. आधी बी पेरलेलं असेल तर ते त्या बीवर बसतं आणि त्याच्या स्फटिकाची एक दिशा बाकीच्यांपेक्षा वेगाने वाढते म्हणून षटकोनी काड्या उभ्या राहतात. घटस्थापनेला मातीत धान्य पेरून नऊ दिवसांत जे रान उठतं ना, तसंच, फक्त इथे काडीची जाडी शंभरेक नॅनोमीटर आणि उंची फार तर एकदोन मायक्रॉन. बी दाट पेरलं तर काड्या बारीक आणि सरळ, विरळ पेरलं तर जाड आणि वाकड्यातिकड्या.

ही पद्धत लाकडासाठी शोधलेली नाही बरं का. काच आणि सिलिकॉनवर अशा काड्या साध्या पाण्यातून वाढवण्याचं काम २००३ च्या सुमाराला गाजलं, सोलर सेल आणि सेन्सरवाल्यांसाठी होतं ते, आणि नंतर ते लाकडावर आणलं, चीनमध्ये बरंच काम झालं, स्वित्झर्लंडमध्ये ईटीएच झुरिक विद्यापीठ आणि एम्पा या संशोधन संस्थेच्या लोकांनी काड्यांचा आकार आणि दाटपणा बदलून यूव्ही संरक्षणात काय फरक पडतो ते बघितलं. काचेवर बी बसवल्यावर ती भट्टीत दोनतीनशे अंशाला तापवता येते, लाकूड तसं तापवलं तर प्रोजेक्टच जळायचा, त्यामुळे शंभर अंशाच्या आसपासच थांबावं लागतं. पण लाकडाचा एक फायदा आहे, सेल्युलोजच्या अंगभर हायड्रॉक्सिल गट असतात, बी त्यांना बऱ्यापैकी धरून बसतं.

पाणी न थांबण्याचा भाग वेगळा. नुसत्या झिंक ऑक्साइडला पाणी आवडतं. काड्या वाढल्यावर लाकूड स्टिअरिक ॲसिडच्या अल्कोहोलमधल्या द्रावणात बुडवतात, मग काड्यांच्या टोकांवर मेणचट थर बसतो आणि पाण्याचा थेंब १५० अंशांहून जास्त कोन करून गोल गोल पळतो. व्हिडिओत तेच दाखवतात कारण ते दिसायला भारी असतं. मला त्यात सगळ्यात कमी रस आहे, कारण बोटाने घासलं की टोकं मोडतात आणि जादू संपते.

दाराला करता येईल का? नाही. ९० अंशाच्या पाण्यात दार उकळायला लागेल, एवढं एकच कारण पुरे आहे.


रंधा_नं_४:

ताईंनी शेवटी मनातलं बोललात 😄

मी पुण्यात फर्निचर आणि पॉलिशचं काम करतो, वडिलांपासून चालत आलंय. नॅनोचं मला कळत नाही पण लाकडाचं कळतं थोडंफार. सागवान ओलं होऊन वाळलं की आडव्या अंगाने हलतं, आणि ताईंच्या एकदोन मायक्रॉनच्या काड्या त्याच्यावर उभ्या असल्या म्हणून ते हलायचं थांबणार आहे का? कोकणातलं दार तर बोलूच नका, जूनमध्ये फुगून चौकटीत अडकतं आणि मार्चमध्ये त्याच्या फटीतून उजेड दिसतो. एवढं हलणाऱ्या वस्तूवर कडक कोट टिकत नाही, मग तो पीयू असो नाहीतर अजून काही. पीयू आतल्या फर्निचरला बेस्ट, बाहेरच्या दाराला मी स्वतः सांगून नाही म्हणतो, गिऱ्हाईक नाराज झालं तरी.

दुसरं म्हणजे सागाला स्वतःचं तेल असतं. ते नीट काढलं नाही तर काही कोट वाळतच नाहीत, चिकट राहतात. पॉलिशच्या आधी एनसी थिनरने पुसून घ्यावं लागतं आणि पुसल्यावर लगेच पहिला हात मारावा लागतो, दुपारचं जेवण करून आलो तर तेल परत वर. आता विचार करा असलं लाकूड गरम पाण्याच्या द्रावणात तासनतास ठेवलं तर काय काय बाहेर येईल.

त्या "नॅनो" बाटल्यांचं: मी दोनतीन प्रकारच्या वापरल्यात. बहुतेक म्हणजे पाणी न धरणारं सिलिकॉन टाइप लिक्विड असतं, मारल्यावर पाणी मस्त गोळा होऊन पडतं, एक पावसाळा जातो, मग संपलं. उन्हाचं काहीच अडवत नाही, लाकूड राखाडी व्हायचं ते होतंच. आत काय असतं ते बाटलीवर कोणी लिहीत नाही.

पडवीवाले दादा, खिळ्यांच्या आणि कडीकोयंड्याच्या भोवती काळं झालं असेल तर ते बुरशी नाही हां, ते लोखंड आणि लाकडातलं टॅनिन. ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने जातं, हातमोजे घाला, ते विषारी असतं, आणि नंतर भरपूर साध्या पाण्याने धुवा.


पडवीतला_माणूस:

बापरे, एका रात्रीत एवढं. दोघांचेही आभार.

म्हणजे दारावर उगवणं बाद. पण एक शंका, भाचीच म्हणते की टायटॅनियम डायऑक्साइड पण वापरतात आणि ते स्वतःला साफ ठेवतं, सेल्फ क्लीनिंग. मग झिंकपेक्षा ते बरं नाही का? आणि रंधाभाऊंचा आडवा हलण्याचा मुद्दा आहे त्याला ताईंकडे उत्तर आहे का? भांडण लावत नाही, खरंच विचारतोय.


निळी_जास्वंद:

लावा हो भांडण, फोरम कशासाठी आहे 😀

रंधाभाऊंचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे आणि खरं सांगायचं तर शोधनिबंधांत याच्यावरून लोक पटकन पुढे सरकतात. सागवान ओल्यापासून पूर्ण वाळेपर्यंत वार्षिक वलयांच्या दिशेने जवळपास ६ टक्के आकसतं, आरपार दिशेने अडीच टक्के. आणि साग म्हणजे त्यातल्या त्यात शहाणं लाकूड, बाकीची याहून जास्त हलतात. फक्त एक फरक आहे. पीयू म्हणजे सलग कातडं, त्याला ताण बसला की ते एकतर फाटतं नाहीतर सुटतं. काड्या म्हणजे सुट्या सुट्या उभ्या, प्रत्येक काडी आपापल्या जागेला धरून, लाकूड फुगलं तर दोन काड्यांमधलं अंतर वाढेल, कातडं फाटण्याचा प्रश्न येत नाही. बुडाशी बीचा थर मात्र सलग असला तर त्याला बारीक भेगा पडतात आणि त्या भेगांतून ऊन आत. म्हणजे बचाव आहे, पण अर्धाच.

टायटॅनियमचं जरा जपून. त्याचे मुख्य दोन स्फटिकप्रकार, ॲनाटेज आणि रूटाइल. सेल्फ क्लीनिंगवालं असतं ते मुख्यतः ॲनाटेज, त्याच्यावर यूव्ही पडलं की पृष्ठभागावर असे रॅडिकल (लगेच कशालाही भिडणारे चंचल कण) तयार होतात की जे जवळचा सेंद्रिय पदार्थ जाळून टाकतात. काचेवर हे छान, काचेवरची घाण जळते. लाकडावर बसवलं तर जवळचा सेंद्रिय पदार्थ कोण? लाकूडच! आणि वर मारलेलं तेल. लाकडाला वापरायचं तर रूटाइल, ते यूव्ही शोषतं आणि त्यामानाने गप्प बसतं, किंवा ॲनाटेजच्या कणांवर आधी सिलिकाचं कवच चढवायचं. झिंक ऑक्साइडलाही ही खोड आहे, अगदी निर्दोष नाही ते. शिवाय झिंक ऑक्साइड आम्लात विरघळतं, आणि अगदी स्वच्छ पावसाच्या पाण्याचा पीएच पण हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे ५.६ च्या आसपास असतो. एकदोन मायक्रॉनची काडी त्यात किती पावसाळे उभी राहील? तुमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटर पडतो.

लाकूड न उकळता थर वाढवायचा दुसरा रस्ताही आहे, वाफेतून. अणुथराअणुथराने कोटिंग करायची पद्धत चिपवाले वापरतात, ती अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठातल्या लोकांनी लाकडावर वापरली, २०२० च्या सुमाराला आलं ते, टायटॅनियम ऑक्साइडचा अगदी एकच फेरा दिला तरी लाकूड पाणी कमी घेतं आणि बुरशीही कमी धरतं असं त्यांना दिसलं. वायू लाकडाच्या छिद्रांत खोल जातो म्हणून हे होतं. पण त्याला व्हॅक्यूम चेंबर लागतो, म्हणजे परत दार बाहेरच.


रिटायर्ड_रेंजर:

चांगली चर्चा चालू आहे. दोन गोष्टी घालतो.

लाकूड टिकवण्याच्या धंद्यात नॅनोच्या जवळ जाणारी एकच गोष्ट मोठ्या प्रमाणावर बाजारात गेली आणि ती "उगवलेली" नाही. तांब्याचं संयुग दळून दळून मायक्रॉनच्या खाली आणायचं आणि दाबाने लाकडात घुसवायचं. अमेरिकेत साधारण २००६ पासून हे विकलं जातंय, कुंपणाचे खांब, डेक वगैरे. हे यायचं कारण म्हणजे त्याआधीचं सीसीए, तांबं क्रोम आर्सेनिक, ते तिकडे घरगुती वापरातून २००३ च्या शेवटी काढून घेतलं, आर्सेनिकमुळे. आणि हे सीसीए कोणी शोधलं होतं माहितीये का, आपल्याच डेहराडूनच्या फॉरेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सोंटी कामेसम यांनी, १९३३ मध्ये. जगभरचे विजेचे खांब त्याच्यावर उभे राहिले आणि आपल्याकडे नाव कोणाला माहीत नाही.

पण लक्षात घ्या, तांबं असो की सीसीए, ते बुरशी आणि वाळवीसाठी. उन्हासाठी नव्हे. सागाला वाळवीची भीती तशीही कमी, त्याच्या गाभ्यातले क्विनोन वर्गाचे पदार्थच किड्याला नको असतात (गाभ्याचं बोलतोय, पांढरं लाकूड असेल तर वाळवी त्याला पण सोडत नाही).

आणि एवढं घाबरण्यासारखंही नाही हो. अमेरिकेतल्या मॅडिसनच्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीचा आकडा आहे, काहीच न लावलेलं सूचिपर्णी लाकूड उघड्यावर शंभर वर्षांत साधारण सहा मिलिमीटर झिजतं. कठीण लाकडं त्याहून कमी. तुमच्या दाराची फळी दीड इंच असेल तर पणतूपर्यंत जाईल. राखाडी दिसतं म्हणून वाईट वाटतं एवढंच.

बंगळूरला इन्स्टिट्यूट ऑफ वूड सायन्स अँड टेक्नॉलॉजी आहे, तिथे नॅनो मेटल ऑक्साइड वापरून लाकडाचा उन्हापासून बचाव करण्यावर काम झालंय. ते वाढवलेले काड्यांचे थर नाहीत, कण द्रवात मिसळून लावायचे. भाचीने त्यांचे पेपर आधी वाचावेत, परदेशातले नंतर. आपली हवा, आपलं ऊन.


वात्रट_रसायन:

नमस्कार, मीच ती भाची 🙈 मामाने लिंक पाठवली.

निळी ताई, आमच्या लॅबमध्ये ट्रायल घेतलीय. बी पेरणं वगैरे तुम्ही लिहिलंय तसंच, सागाचे छोटे तुकडे घेतले. पण गरम करताना पाणी तपकिरी झालं आणि तुकड्यांवर पांढरी भुकटी बसली, बोटाने पुसली की निघते. सर म्हणतात कोटिंग झालं, एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखायची चाचणी) करून टाक आणि लिहायला घे. मला पटत नाहीये. काय करू? आणि विषय बदलू का? 😟


निळी_जास्वंद:

विषय अजिबात बदलू नकोस, आणि तू सरांपेक्षा बरोबर आहेस, पण हे सरांना असंच्या असं सांगू नको!

पुसली जाते ती भुकटी द्रावणातच तयार होऊन वरून खाली बसलेली आहे, लाकडावर वाढलेली नाही. गंमत म्हणजे एक्सआरडीत दोन्ही झिंक ऑक्साइडच दिसणार, ३१.८, ३४.४ आणि ३६.३ अंशाला, त्यामुळे नुसत्या एक्सआरडीवर फसायला होतं. काड्या खरंच उभ्या वाढल्या असतील तर ३४.४ चं शिखर बाकीच्यांच्या मानाने उंच दिसेल. लाकडाचं स्वतःचं सेल्युलोज १६ आणि २२.५ च्या आसपास येतं, ते बघून घाबरू नको. शेवटी फोटो एसईएमचाच (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचाच) लागणार.

तुकडा तळाशी ठेवला होतास का? तोंड खाली करून, वरून लटकता किंवा तरंगता ठेव. काचेच्या नमुन्यांना त्यासाठी टेकू लावावा लागतो, लाकूड आपोआप तरंगतं, फक्त ज्या बाजूवर थर हवा ती खाली राहील असं बघ आणि मधून मधून बुडबुडे झटक. वाढवून झालं की डिस्टिल्ड वॉटरच्या धारेखाली धर, मग साधी चिकटपट्टी लावून ओढ. पट्टीवर पांढरं आलं तर वाढलेलं नाही, बसलेलं आहे.

तपकिरी पाणी म्हणजे सागातली द्रव्यं बाहेर येतायत, रंधाभाऊंनी सांगितलंच होतं. ती झिंकला धरून बसतात आणि वाढ बिघडवतात. पहिल्यांदा साग घेऊच नको. पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन घे, फिकट असतं, रंगातला बदल पण चांगला दिसतो, तेही आधी अल्कोहोलमध्ये भिजवून राळ काढून घे. सागावर नंतर ये. सागासारख्या गडद लाकडावर काड्यांचा थर जरा दुधाळ दिसतो, वर तेल दिलं की तो दुधाळपणा बराच जातो.

आणि खरा प्रोजेक्ट इथे आहे बघ. वाढवण्यापर्यंत शेकडो लोक पोचलेत, त्यात नवीन काही नाही. एका फळीतून तुकडे काप. काही कोरे, काहींना नुसतं जवसाचं तेल, काहींवर काड्या, काहींवर काड्या आणि वर तेल. अजून एक गट घे, तेलात गेरू. हसू नको, गेरू म्हणजे लोहाचं ऑक्साइड, आणि लाकडाला नुसतं यूव्हीच त्रास देतं असं नाही, त्याच्या पुढचा जांभळा-निळा प्रकाशही देतो. झिंक ऑक्साइड तिथे हात वर करतं, गेरू तोही शोषतो. युरोपात लाकडाच्या पारदर्शक रंगांत हेच लोहाचं ऑक्साइड नॅनो आकारात घालतात. तुझ्या काड्या गेरूला हरवतात का हे मला खरंच बघायचंय, माझी पैज गेरूवर आहे.

प्रत्येक तुकड्याचा अर्धा भाग ॲल्युमिनियम फॉइलने झाक आणि गच्चीवर ४५ अंशात दक्षिणेकडे तोंड करून ठेव. काही पावसात, काही पावसापासून आडोशाला, म्हणजे ऊन आणि पाणी यांचा परिणाम वेगळा काढता येईल. रंग मोजायचं यंत्र नसेल तर साध्या फ्लॅटबेड स्कॅनरवर ठराविक दिवसांनी स्कॅन कर, दर वेळी शेजारी तेच रंगांचं कार्ड ठेवून. एफटीआयआरमध्ये (अवरक्त किरणांच्या चाचणीत) १५०५ च्या आसपास लिग्निनचं शिखर असतं, ऊन लागलं की ते झपाट्याने खाली येतं. ते कोणत्या तुकड्यात टिकलं, एवढं एक चित्र जरी तुझ्या रिपोर्टमध्ये असलं तरी पुरे.

कोल्हापुरात तू योग्य जागी आहेस, तिथे शिवाजी विद्यापीठात द्रावणातून पातळ थर बसवायचं काम कित्येक वर्षं चालू आहे, फिजिक्सवाल्यांकडे जाऊन बस. एसईएम तिथे मिळालं नाही तर आयआयटी बॉम्बेच्या सैफ या उपकरण केंद्रात पैसे भरून बाहेरच्यांनाही करून मिळतं, नंबर लागायला वेळ लागतो म्हणून आधीच अर्ज कर.

हे सगळं फ्यूम हूडमध्येच, फॉर्माल्डिहाइड निघतं म्हणून सांगतेय. आणि मामाच्या उत्साहाला बळी पडून घरी करायचं नाही. उरलेलं झिंकचं पाणी बेसिनमध्ये ओतू नको, माशांना ते विषारी असतं.


पडवीतला_माणूस:

मामाचा उत्साह मावळलाय, काळजी नसावी. पण गेरूचं वाचून मजा वाटली. आमच्याकडे जुन्या खिडक्यांना गेरू आणि तेलाचा हात असायचा, आम्हीच तो खरवडून पॉलिश केलं होतं.

रंधाभाऊ, दाराचं आता काय करू ते सरळ सांगा.


रंधा_नं_४:

सरळ सांगतो. पीयू पूर्ण काढायचं, हीट गन आणि खरवडणीने, केमिकल रिमूव्हर शक्यतो नको. राखाडी भाग ताजं सोनेरी-तपकिरी लाकूड लागेपर्यंत रंध्याने नाहीतर ऐंशीच्या पेपरने काढायचा, ताई म्हणाल्या तसं मेलेल्या लाकडावर काहीच धरत नाही. मग १२०, त्याच्यापुढे जाऊ नका, बाहेरच्या कामाला फार गुळगुळीत केलं तर तेल आत जात नाही. उकळलेलं जवसाचं तेल, पहिला हात टर्पेन घालून पातळ, त्यात बारीक चाळलेला गेरू किंवा तयार स्टेनरची टीप. पुसून घ्यायचं, वर थर राहू द्यायचा नाही. तेलाची फडकी घडी घालून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात, पाण्यात बुडवून मग फेका. फळ्यांचं वरचं आणि खालचं टोक विसरू नका, पाणी तिथूनच चढतं आणि शंभरातले नव्वद जण तिथे हात लावत नाहीत कारण त्यासाठी दार उतरवावं लागतं.

दरवर्षी दिवाळीच्या आधी एक हात. एक तासाचं काम, पॉलिशवाल्याला बोलवायची गरज नाही.

काजूच्या टरफलाचं तेल पण आहे, होड्यांना लावतात ते, टिकाऊ आहे पण दार काळं होईल आणि कच्चं तेल अंगावर उडालं तर फोड येतात. माझ्याकडून नको.

आणि दारावर दोन फुटांचा पत्रा बाहेर काढा. पागोळ्या दारापासून लांब पडल्या तर अर्धं काम तिथेच झालं.


वात्रट_रसायन:

ताई, पाइन मिळालं! वखारीतले काका फुकट देतायत. आणि अजून एक गट वाढवतेय, आधी काड्या आणि वर गेरूचं तेल. हे कोणी केलंय का?


निळी_जास्वंद:

माझ्या वाचनात नाही. कर. फक्त गेरू बाजारातला पूजेचा घेऊ नको, त्यात माती आणि चुना काय वाटेल ते असतं, लॅबचं शुद्ध आयर्न ऑक्साइड घे आणि एका वेगळ्या तुकड्यावर बाजारातलाही लावून ठेव, मामासाठी.